ती फाईल उघडायची नाही, चालवायची

सरांनी खिशातून ओल्या टिश्यूचं पाकीट काढलं. एक टिश्यू ओढला. आणि माझ्यादेखत माझा कीबोर्ड पुसला.

एकेक बटण. स्पेसबार दोनदा. मग माऊस. मग खुर्चीचा हात. मी बाजूला उभी. ऑफिसात आम्ही सहाजण. बाकीच्या पाचांच्या खुर्चीत सर दिवसातून दहा वेळा बसतात. दोन वर्षांत त्यांचे कीबोर्ड पुसताना मी सरांना एकदाही बघितलं नाही.

पुसून झालं. टिश्यू दोन बोटांत धरून माझ्या पायाजवळच्या डब्यात टाकला. मग सर बसले, आणि स्क्रीनवर बोट ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला लागले.

"भीम नगर, शून्य. समता नगर, शून्य. बौद्ध वाडा, शून्य. मातंग वस्ती, शून्य. तुमच्या लोकांना साधा एक फॉर्म धड भरता येत नाही. मोर्चे मात्र काढता येतात."

पाठीमागं कोणतरी हसलं.

"सर, फॉर्म मी भरून घेतलेत," मी म्हणाले. "माझ्या समोर. सगळं बरोबर हाय."

"आहे," सर म्हणाले. "आधी 'आहे' म्हणायला शीक. मग डेटाबद्दल बोलू."

आता हसणाऱ्याला पाठीमागं लपायची गरज राहिली नाही.

पत्रक लिहायला मी कॉलेजात शिकले. पत्रकाची पहिली शिस्त अशी की पहिल्याच ओळीत कुणी काय केलं ते सांगायचं. आडपडदा नको. म्हणून टिश्यूपासून सुरुवात केली. सर वाईट माणूस नाहीत, असं ऑफिसात अजूनही म्हणतात. दिवाळीला सगळ्यांना मिठाईचा बॉक्स देतात. मलाही द्यायचे. टेबलावर ठेवून. हातात नाही.

ऑफिस राजारामपुरीत, एका झेरॉक्सच्या दुकानावर. काम याद्यांचं. दुसऱ्यांच्या याद्या घ्यायच्या, टाईप करायच्या, गाळायच्या, लावायच्या आणि परत द्यायच्या. पत्रकं जुळवता जुळवता माझा मराठी टायपिंगचा हात बसलेला. म्हणून मला घेतलं. माझं काम टाईप करणं, आणि शेवटी सरांनी लिहिलेली एक छोटी फाईल चालवणं. ती फाईल टाईप केलेल्या ढिगातून गावागावाप्रमाणं नावं उचलते आणि यादी तयार करते. पहिल्याच दिवशी सरांनी बजावलं होतं, "ती फाईल उघडायची नाही. चालवायची. एंटर मार आणि बाजूला हो."

दोन वर्षं एंटर मारला. बाजूला झाले.

या वर्षीची यादी होती कोल्हापुरातल्या मुलींच्या एका वसतिगृहाची. अकरावी-बारावीच्या मुली. या यादीसाठी मी सुट्टीच्या दिवशी वस्त्यावस्त्यांतनं फिरले होते. माझ्याच हातानं लिहिलेलं पत्रक घेऊन. समाजमंदिरात मुलींना बसवून एकेक अर्ज भरून घेतला. दाखला बघितला, गुण बघितले, सही बघितली. आणि ऑफिसात आल्यावर तेच अर्ज मीच टाईप केले. अशी चूक व्हायला जागाच नव्हती.

आणि यादी लागली तेव्हा त्यातली एकही मुलगी नव्हती.

मला ते कळलं पूनमच्या आईच्या फोननं. पूनम मलकापूरच्या पलीकडची, भीम नगरातली. दहावीला अठ्ठ्याऐंशी टक्के. आई शाळेत खिचडी शिजवते. ती पहाटेच्या एसटीनं कोल्हापूरला येऊन वसतिगृहाच्या फळ्यासमोर उभी राहिली होती.

"ताई, बोर्डावर पूनमचं नाव न्हाय ओ. तिनदा वाचलं. एका पोरीकडनंबी वाचून घेतलं."

"मावशी, असं कसं हुईल? थांबा, मी बघते."

"बघा. पूनमचा मामा बसून हाय घरात. म्हणतोय, हॉस्टेल न्हाय तर स्थळ हाय. शनिवारी पाचपर्यंत हरकत घ्या म्हणून लिवलंय. त्याच्या आत काय हुतंय का बघा."

म्हणून मी सरांकडं गेले. आणि सरांनी टिश्यू काढला. तो बुधवार होता.

गुरुवारी सकाळी सरांचा फोन वाजला. पेठ वडगावचे कोणी बागायतदार. साखर कारखान्यावर उठबस असलेले. त्यांच्या पुतणीचं नावही यादीत नव्हतं. मला 'आहे' शिकवणारे सर खुर्चीतून अर्धे उठले.

"व्हय की काका! न्हाय न्हाय, तुमची कशी चूक? आमचीच की ओ. आत्ता करतो. तुम्ही फोन ठेवायच्या आत करतो."

त्यांनी यादी उघडली, पुतणीचं नाव हातानं टाईप केलं, एक पान छापलं आणि शिपायाला गाडीवरनं वसतिगृहात पिटाळलं. दहा मिनिटांचं काम. पुतणीचा फॉर्म धड भरला होता का, असं विचारलं नाही. तिच्या लोकांना फॉर्म भरता येतो का, असंही विचारलं नाही. आणि हे नाव गळलं कसं, तेही नाही.

मला मात्र तो प्रश्न चिकटला. पेठ वडगाव का गळलं? अर्ज मीच टाईप केलेला. मलकापूर आलं, पन्हाळा आलं, कागल आलं, हुपरी आली. पेठ वडगाव गेलं. आणि आमच्या वस्त्या गेल्या. मी यादी छापून घेतली आणि गळलेल्या ठिकाणांना लाल पेनानं गोल करत गेले. भीम नगर. समता नगर. पेठ वडगाव. मातंग वस्ती. गोल करता करता हात थांबला. आलेलं प्रत्येक नाव एका शब्दाचं. गळलेलं प्रत्येक नाव दोन शब्दांचं.

दुपारी सगळे खाली मिसळ खायला गेले. मी गेले नाही. शिवलीला पण थांबली. ती गडहिंग्लजकडची, माझ्या शेजारच्या टेबलाची, घरात कानडी बोलणारी. मला अक्का म्हणते.

"अक्का, काय करायलीस?"

"फाईल उघडायलेय."

"कुठली?"

मी सरांच्या खुर्चीकडं मान केली. ती उठली आणि दारात जाऊन उभी राहिली. जिन्याकडं तोंड करून.

फाईल उघडली. दोन वर्षं मला वाटत होतं, आत काहीतरी मोठं असणार. आपल्या डोक्याच्या बाहेरचं. सात ओळी होत्या. सात. वस्त्यांच्या यादीतून एकेक नाव उचलायचं, ते नाव vasti नावाच्या एका डब्यात ठेवायचं, आणि डब्यातलं नाव घेऊन अर्जांचा ढीग चाळायचा. चाळणारी, पाचवी ओळ ही:

awk -F'|' -v v=$vasti '$2==v' arj.txt 2>/dev/null

मला त्यातलं निम्मं कळलं नाही. शेवटचा तुकडा मात्र मी नेटवर शोधला. 2>/dev/null. त्याचा अर्थ एवढाच की मशीन काही तक्रार करायला लागलं, तर ती तक्रार एका तळ नसलेल्या खड्ड्यात टाकायची. स्क्रीनवर येऊ द्यायची नाही. कुणाला दिसू द्यायची नाही.

मी फाईलची नक्कल केली. नकलेतला तेवढा तुकडा पुसला. एंटर मारला.

स्क्रीन भरून गेली. मशीन ओरडत होतं. खालनं वर, वर, वर, नुसत्या चुकांच्या ओळी. इंग्रजीत. आणि प्रत्येक चुकीत मधोमध मराठीतला एक शब्द.

नगर. नगर. वाडा. वडगाव. वस्ती. नगर. वाडा. वस्ती.

आमच्या नावांचे मागचे अर्धे तुकडे. मशीन त्या प्रत्येकाला विचारत होतं, हे काय आहे, मला कळत नाही. दोन वर्षं विचारत होतं. आणि कुणीतरी त्याचं तोंड दाबून ठेवलं होतं.

शिवलीला दारातनं मागं वळली. स्क्रीनजवळ आली.

"अय्यो," एवढंच म्हणाली.

झालं होतं ते असं. डब्यातलं नाव बाहेर काढताना मशीन मधल्या मोकळ्या जागेवर त्याचे तुकडे करतं. 'भीम नगर' मधला 'भीम' तेवढा नाव म्हणून घेतं, आणि 'नगर' हा आपल्याला दिलेला हुकूम आहे असं समजतं. तो हुकूम कळत नाही म्हणून ठप्प होतं आणि पुढच्या वस्तीकडं जातं. मलकापूरला मोकळी जागाच नाही. पन्हाळ्याला नाही. ती सरळ पार. गावाची नावं एका शब्दाची असतात हे सरांनी धरूनच चाललं होतं. गावाच्या बाहेर कोण राहतं, त्याला काय म्हणतात, हा विचार त्या सात ओळी लिहिताना त्यांच्या मनाला शिवला नव्हता. गावानं स्वतःचं नाव आम्हाला वापरू दिलं नाही म्हणून आम्ही आमची नावं केली. भीम नगर. समता नगर. दोन शब्दांची. ती दोन शब्दांत मोडली.

यावर इलाजही नेटवरच सापडला. नाव कोटात, अवतरणचिन्हांत, धरायचं, म्हणजे ते फुटत नाही. मी हरखले. अर्धवट वाचलं आणि पळाले. चारच्या सुमाराला सरांसमोर उभी.

"सर, चूक अर्जांत न्हाय. तुमच्या फाईलीत हाय. नाव कोटात पाहिजे."

सर हसले. हाताची घडी घातली. "लाव की मग. बघू दे सगळ्यांना."

मी लावला. एकेरी कोट. '$vasti'. एंटर मारला.

भीम नगर, शून्य. मलकापूर, शून्य. पन्हाळा, शून्य. कागल, शून्य. जिल्हा संपला.

"वा," सर म्हणाले. "आता सगळं कोल्हापूरच वाडा झालं."

ऑफिस हसलं. मोठ्यानं. शिवलीला सोडून. मी तिथंच उभी होते. सर पुढं म्हणाले, "बाळा, पत्रकं वाट. हे काम वेगळं असतं. त्याला पिढ्या लागतात." ते मला आजही खुपतं. पिढ्या लागतात म्हणाले आणि मी गप्प बसले.

शुक्रवारी दुपारी परत शिवलीला दारात, मी मशीनवर. यावेळी अर्जांच्या ढिगाला हातच लावला नाही. एकच डबा केला. त्यात 'भीम नगर' ठेवलं. मग मशीनला म्हटलं, डब्यात काय आहे ते सांग. एकेरी कोटात विचारलं तर मशीननं डब्याचं लेबलच वाचून दाखवलं. $vasti. डबा उघडलाच नाही. एकेरी कोट म्हणजे कुलूप. आतलं नाव बाहेर येतच नाही, म्हणून काल मलकापूरही शून्य झालं. मग दुहेरी कोटात विचारलं. "$vasti".

भीम नगर.

अख्खं. मधल्या मोकळ्या जागेसकट. दुहेरी कोटात डबा उघडतो आणि नाव मोडतही नाही.

त्या ओळीत दोन चिन्हं घातली. v="$vasti". एंटर मारला.

भीम नगर, सात. समता नगर, चार. बौद्ध वाडा, पाच. पेठ वडगाव, नऊ. नऊ! सरांनी हातानं घातलं होतं एक. बाकीच्या आठजणींच्या काकांकडं फोन नव्हता.

भीम नगरच्या सातांत पहिलं नाव पूनमचं.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. कारण माझ्या पिशवीत गेल्या वर्षीचं माझंच पत्रक होतं. घडीवर फाटलेलं. ते मी काढून वाचलं. गेल्या वर्षीच्या यादीतही वस्तीतली एक मुलगी नव्हती, आणि तेव्हा मी चिडून लिहिलं होतं, "आपल्या मुली अर्जच भरत नाहीत. भरला तर नीट भरत नाहीत. किती दिवस झोपणार?" ते पत्रक मी घराघरात वाटलं होतं. मान खाली घालून बायांनी ते घेतलं होतं. अर्ज भरलेल्या बायांनी. ज्यांच्या पोरी दाराशी उभ्या होत्या त्यांनी. सर जे बुधवारी बोलले, तेच मी वर्षभर आधी छापून वाटलं होतं. आणि ती फाईल चालवणारं बोट माझंच होतं.

त्या दुपारी माझ्यातलं काहीतरी सरळ झालं. राग होताच. पण तोवर तो राग नुसता बोलायला शिकलेला होता. वाचायला शिकलेला नव्हता.

सर मिसळ खाऊन आले. मी त्यांना हाक मारली. सगळ्यांसमोर. त्यांनी उभ्यानंच स्क्रीन वाचली. आकडे वाचले. ओळ वाचली. दोन चिन्हं बघितली. त्यांना कळलं, हे त्यांच्या मानेवरनं मला कळलं.

मग हात खिशात गेला. टिश्यू बाहेर आला. त्यांना माझ्या खुर्चीत बसून तपासायचं होतं.

मी कीबोर्डवर दोन्ही हात ठेवले. पसरून.

"पुसू नका," मी म्हणाले. "घाण हितं न्हाय. तुमच्या पाचव्या ओळीत हाय."

ऑफिसात कुणी हसलं नाही.

सर मला बाहेर जिन्यात घेऊन गेले. आवाज एकदम मऊ. "हे बघ, यादीवर सही झालीय. आता बदल म्हटलं की तीन वर्षांचं निघेल. काम जाईल. शिवलीलाचं जाईल, तुझं जाईल. पुढच्या वर्षी फाईल दुरुस्त करू, तूच कर. आणि ती तुझी मुलगी, मलकापूरची. काय नाव? तिचं आत्ता घालतो हातानं. काकांच्या पुतणीसारखं. झालं?"

झालं? किती सोपं होतं. पूनमची पेटी भरलेली होती. तिचा मामा घरात बसलेला होता. मला फक्त मान हलवायची होती आणि सोमवारी ती कोल्हापुरात असती.

पण मग बाकीच्या सहाजणींनी फळा वाचला असता आणि त्यांना वाटलं असतं, पूनमनं फॉर्म नीट भरला, आपण नाही. मी तेच पत्रक परत वाटल्यासारखं झालं असतं.

"एक न्हाय सर," मी म्हणाले. "सगळ्या."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"आज यायचंबी चुकलंच म्हणा माझं," मी म्हणाले, आणि पिशवी घेतली. मी निघताना शिवलीलानं माझ्या हातात एक कागद कोंबला. चुकांची अख्खी स्क्रीन तिनं छापून ठेवली होती. नगर, वाडा, वस्ती, नगर.

त्याच संध्याकाळी पत्रक केलं आणि वस्त्यांत, पेठ वडगावात फोनवरनं पाठवलं. एकच पान. कुठल्याही मुलीचं नाव नाही, गुण नाहीत. वरती चुकलेली ओळ. खाली दोन चिन्हं घातलेली ओळ. मध्ये चुकांचा कागद. आणि मोठ्या अक्षरात, "गेल्या वर्षी मी तुम्हाला दोष दिला. तो मी मागं घेते. तुमचे अर्ज बरोबर होते."

पूनमच्या आईला फोन करून मीच सांगितलं. सरांनी काय देऊ केलं आणि मी काय म्हटलं. लपवलं असतं तर माझ्यात आणि त्या खड्ड्यात फरक काय राहिला?

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या पोरीचं झालं असतं की ओ ताई."

"व्हय मावशी."

"तुम्ही न्हाय म्हणाला."

"व्हय."

तिनं फोन ठेवला. मला वाटलं, येणार नाही. शनिवारी दुपारी वसतिगृहाच्या दारात ती आली. पूनमला घेऊन. माझ्याकडं बघितलं नाही. बाकीच्या आयांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पेठ वडगावच्या दोन मुली आणि त्यांचे वडीलही आले होते, पत्रक हातात धरून.

आतला क्लार्क पान उलटंसुलटं करत म्हणाला, "ओ ताई, हे कंप्युटरचं आमाला काय कळत न्हाय. एकेकीनं वेगळी हरकत द्या."

"चूक एक हाय," मी म्हणाले. "हरकत एक. कळत न्हाय म्हणूनच छापून आणलंय. शिक्का मारा."

"साहेब न्हाईत."

"शिक्का हाय की."

पाचला दहा कमी असताना शिक्का बसला. फळ्यावरची यादी त्यांनी काढून घेतली. फळ्यावर चार टाचण्या राहिल्या.

नवी यादी अजून लागलेली नाही. हे लिहितेय तोवर तरी नाही. पूनमचा मामा अजून घरात आहे. तिची आई माझ्याशी अजून नीट बोलत नाही, आणि तिनं बोलावं असं मी तिला म्हणणार नाही. त्या दिवशी दारात पूनमनं फक्त एक विचारलं होतं. "ताई, ती दोन चिन्हं कीबोर्डवर कुठं असत्यात?" मी माझा जुना लॅपटॉप उघडून तिथंच पायरीवर ठेवला. तिनं शिफ्ट दाबून धरलं आणि ते बटण मारलं. एकदा. परत एकदा. मधे भीम नगर लिहिलं.

मी रोज दहाला त्या फळ्यासमोर येते आणि सहाला जाते. ऑफिसातले दोघे परवा समोरनं गेले, ओळख न दाखवता. दर रविवारी समाजमंदिरात आता अर्ज भरून घेणं आणि फाईल वाचणं, दोन्ही होतं. दहा मुली येतात. त्यांना मी पहिली गोष्ट शिकवली ती मशीनची तक्रार पुसायची नाही ही.

मला यापुढं कुणी फाईल चालवायला दिली तर मी ती आधी उघडणार. उघडू दिली नाही तर चालवणार नाही. मागच्या दोन वर्षांच्या याद्याही मी मागितल्या आहेत, लेखी, पोच घेऊन. त्यांत ज्यांची नावं मोडली त्यातल्या काहीजणी आज दुसऱ्यांच्या घरात भाकऱ्या थापत असतील. त्यांच्या दारात मी जाणार आणि माझ्या तोंडानं सांगणार, फॉर्म बरोबर होता. एंटर मी मारला होता.

आणि फळ्यावर यादी लागेल तेव्हा पूनमचं नाव बघून मी घरी जाणार नाही. शेवटच्या नावापर्यंत वाचणार. एक जरी कमी असलं, तर परत पान छापणार.